दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ, प्रत्येक ठिकाणी वेगळा का दिसतो आणि आपण कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे की सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर एका साइटवर १५,३४५ दिसतं, दुसऱ्या साइटवर साडेनऊ हजारांच्या आसपास, तिसरीकडे ८,३०० च्याही आत, आणि ट्रॅकिंग ॲपवर प्रत्यक्ष फ्लाइट बघितली तर सोळा हजारांच्या वर, शिवाय जायचा वेळ वेगळा आणि यायचा वेगळा, तर यातलं खरं कुठलं आणि आपलं आपल्याला काढता येईल का?

मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम करतो, म्हणजे विमान उडायच्या आधी त्याचा रूट, फ्युएल आणि वेळ काढून कॅप्टनच्या हातात प्लॅन द्यायचा हे रोजचं काम. त्यामुळे आधीच सांगतो, हे चारही आकडे बरोबर असू शकतात. पहिला किलोमीटरमध्ये आहे, दुसरा साध्या मैलात आणि तिसरा नॉटिकल मैलात. साधा मैल १.६०९ किमी, नॉटिकल मैल १.८५२ किमी. १५,३४५ ला दोन्हींनी भागून बघा, ९,५३७ आणि ८,२८६ येतात, म्हणजे पहिल्या तीन आकड्यांचं भांडण तिथेच मिटलं. एव्हिएशनमध्ये सगळा हिशोब नॉटिकलमध्येच चालतो आणि बऱ्याच साइट्स नुसतं 'मैल' लिहून मोकळ्या होतात, कुठला मैल ते सांगतच नाहीत. चौथा आकडा मात्र वेगळ्या जातीचा आहे, त्यावर जरा सविस्तर बोलू.

आधी साइटवरचं अंतर नक्की कशाचं असतं ते बघा. पृथ्वी गोल धरून तिच्या पृष्ठभागावरून दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा रस्ता, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात, आणि साइट देते ते अंतर त्या रस्त्याचं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून जी सरळ रेघ येते ती हा रस्ता नाही. तो नेहमीचा नकाशा मर्केटरने १५६९ मध्ये जहाजांसाठी काढला, त्यात होकायंत्राची दिशा न बदलता केलेला प्रवास सरळ रेघ दिसतो, पण ध्रुवांकडचा भाग भयंकर ताणला जातो. म्हणून खरा जवळचा रस्ता त्या नकाशावर कमान होऊन वर गेलेला दिसतो आणि लोक विचारतात, एवढा वळसा कशाला घालतात?

बीजिंग आणि न्यूयॉर्क घ्या. दोन्ही विमानतळ साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहेत, म्हणजे नकाशावर एकाच आडव्या रेषेत. त्या रेषेवरून सरळ पूर्वेला जात राहिलात तर जवळजवळ १४,४०० किमी होतात. ग्रेट सर्कलने मात्र १०,९८० च होतात, आणि तो रस्ता पार ८४ अंश उत्तरेपर्यंत चढतो, उत्तर ध्रुवाच्या थोडंसंच बाजूने. म्हणजे नकाशावर जो वळसा वाटतो तो चौतीसशे किलोमीटर वाचवतो, चार तासांच्या जवळपास. दुबई ते लॉस एंजेलिस तर अजून मजेशीर आहे, दोघांच्या रेखांशात १७४ अंशांचा फरक, जवळपास पृथ्वीच्या विरुद्ध बाजूला, त्यामुळे दुबईहून अमेरिकेला निघालेल्या विमानाचा ग्रेट सर्कल जवळजवळ सरळ उत्तरेकडे सुरू होतो. लांब अंतराची फ्लाइट मनात बघायची असेल तर नकाशा विसरा आणि शाळेतला पृथ्वीगोल घेऊन दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, अर्ध्या मिनिटात कळतं.

स्वतः काढायचं असेल तर स्प्रेडशीट पुरते. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या, दशांशात. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात मिळवा दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांच्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार, आलेल्या आकड्याचा उलटा कोसाइन, आणि तो गुणिले ६,३७१, जी पृथ्वीची सरासरी त्रिज्या आहे किलोमीटरमध्ये. दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे स्प्रेडशीटला कोन रेडियनमध्ये लागतात, अंशात दिले तर काहीतरी भलतंच उत्तर येईल. दुसरं म्हणजे पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश यांना मायनस चिन्ह. न्यूयॉर्कच्या रेखांशाचा मायनस गाळलात तर बीजिंग ते न्यूयॉर्क जेमतेम ३,६०० किमी निघेल, आणि कॉम्प्युटर काही तक्रार करणार नाही. एकमेकांच्या अगदी जवळच्या ठिकाणांसाठी हे सूत्र थोडं कच्चं पडतं म्हणून लोक हॅव्हरसाइन नावाचं दुसरं सूत्र वापरतात, पण आपण लांबच्या विमानतळांबद्दल बोलतोय, इथे हेच पुरे.

यातही साइट-साइटमध्ये दहा-वीस, कधी चाळीस-पन्नास किलोमीटरचा फरक राहतोच, कारण पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताला त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाला ६,३५७. गोल धरून काढलेलं अंतर आणि दबलेल्या आकाराने काढलेलं यात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्यापर्यंत तफावत पडू शकते. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी रनवेपासून. न्यूयॉर्क म्हणताना केनेडी विमानतळ धरला की नदीपलीकडचा नेवार्क, त्यानेही थोडं बदलतं. यावर डोकं खपवू नका, कारण पुढे जे येणार आहे त्यात एवढा फरक कुठल्या कुठे बुडून जातो.

कारण मुद्दा असा आहे की विमान जमिनीवर चालत नाही, हवेत चालतं. आणि हवा स्वतः चालत असते. जमिनीवर किती किलोमीटर आहेत हा आमच्यासाठी दुय्यम प्रश्न असतो, त्या दिवशी किती हवा कापायची आहे हा खरा प्रश्न. जेट विमानं जिथे उडतात त्या साधारण १० ते १२ किमी उंचीवर मध्य अक्षांशांमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीमचे पट्टे असतात, ताशी दीडशे-दोनशे किमी तर नेहमीचे, आणि हिवाळ्यात काही भागांत तीनशेच्याही वर जातात.

साधा हिशोब करू. लंडन ते न्यूयॉर्क ५,५४० किमी. विमानाचा हवेतला वेग ९०० धरा. वारा नसेल तर एका बाजूला सहा तास नऊ मिनिटं, जाऊन-येऊन बारा तास एकोणीस. आता ताशी १०० चा वारा पश्चिमेकडून सरळ धरा. पूर्वेला जाताना जमिनीवरचा वेग १,०००, म्हणजे पाच तास बत्तीस मिनिटं. पश्चिमेला येताना ८००, म्हणजे सहा तास छप्पन. बेरीज बारा तास अठ्ठावीस. बघा, वाऱ्याने एका बाजूला दिलं आणि दुसऱ्या बाजूला घेतलं पण हिशोब बरोबरीत सुटत नाही, नऊ मिनिटं वरून गेलीच, कारण तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. वारा वाढला की हा तोटा आणखी वेगाने वाढतो, दीडशेच्या वाऱ्यात तो वीस मिनिटांच्या वर जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. लगेच लोकांनी विचारलं की मग विमान आवाजाच्या वेगाच्या पुढे गेलं का? नाही गेलं. हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, ती हवाच पळत होती. नदीत पोहणाऱ्याला पाण्याने ओढून नेलं म्हणून त्याचे हात काही जास्त जोरात चालत नाहीत, तसंच.

आणि हो, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेला फिरते म्हणून पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायला हवा, विमान वर थांबलं की खालून पृथ्वी सरकेल, हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. नाही, वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमीने फिरते, हवा तिच्याबरोबर फिरत नसती तर झाडाचं एक पान जागेवर राहिलं नसतं. उलट प्रत्यक्षात पूर्वेला जाणंच लवकर होतं, ते त्या जेट स्ट्रीममुळे. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे तो एवढाच, की तिच्या फिरण्यामुळे वरचे वारे वळतात आणि पश्चिमेकडून पूर्वेला वाहू लागतात.

आता हे कळलं की पुढचं आपोआप कळतं. वाऱ्यासाठी वळसा घालणं परवडतं. याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडिया आधी ही फ्लाइट अटलांटिकवरून नेत होती, साधारण १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाणारी फ्लाइट पूर्वेकडून पॅसिफिकवरून वळवली, अंतर झालं साधारण १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ झाला साधारण साडेचौदा तास, आधीपेक्षा दोनेक तास कमी! कारण अख्खा रस्ता वारा पाठीशी. येताना मात्र अटलांटिकवरूनच, म्हणजे विमान एकाच फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा करून यायचं. आता सांगा, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को 'अंतर किती' या प्रश्नाला एक आकडा कसा द्यायचा? साइट जो देते तो ग्रेट सर्कलचा असतो, साडेबारा हजारांच्याही आत, आणि त्या रेषेवर त्यातली एकही फ्लाइट नव्हती.

सिंगापूर-न्यूयॉर्कचं गूढ तेच आहे. सिंगापूर एअरलाइन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये नेवार्कची नॉनस्टॉप पुन्हा सुरू केली तेव्हा कंपनीनेच प्रवासाचं अंतर साधारण १६,७०० किमी सांगितलं होतं, ग्रेट सर्कल १५,३४५ च्या आसपास असताना. ट्रॅकिंग ॲपवर सोळा हजारांच्या वर दिसतं ते यामुळे. न्यूयॉर्ककडे जाताना बहुतेक वेळा पॅसिफिकवरून, पाठीशी वारा घेऊन, आणि परत येताना कधी अटलांटिक-युरोपवरून तर कधी पार उत्तरेकडून, त्या दिवशी वारा कुठे बरा आहे त्यावर. ॲपवर आज एक रूट दिसला म्हणून उद्या तोच दिसेल असं अजिबात नाही. उत्तर अटलांटिकवर तर हे इतकं रोजचं आहे की तिथले हवाई रस्तेच रोज नव्याने आखले जातात, शॅनविक आणि गँडर ही दोन कंट्रोल सेंटर्स वाऱ्याचा अंदाज बघून समांतर ट्रॅक जाहीर करतात, दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेला जाणाऱ्यांसाठी.

वाऱ्यानंतर दुसरं मोठं कारण म्हणजे आकाश बंद असणं. हेलसिंकी ते टोकियो ग्रेट सर्कल आठ हजार किमीच्या आत, जवळजवळ सगळा रशियावरून, साडेनऊ तासांची फ्लाइट. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपियन कंपन्यांना बंद झालं आणि तीच फ्लाइट साधारण तेरा तासांची झाली, फिनलंडच्या फिनएअर कंपनीचं विमान उत्तर ध्रुवावरून अलास्काच्या बाजूने खाली उतरायला लागलं नाहीतर दक्षिणेकडून वळसा. दोन्ही विमानतळ जागच्या जागी आहेत, साइटवरचं अंतर एका किलोमीटरने बदललेलं नाही, वेळ साडेतीन तासांनी वाढला. पाकिस्तानचं आकाश २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलै बंद होतं तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या फ्लाइट्सचं असंच झालं, आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना ते पुन्हा बंद झालं. त्यामुळे जुन्या ब्लॉगवर किंवा जुन्या व्हिडिओत सांगितलेला वेळ बघून प्लॅन करू नका.

याशिवाय इंजिनचा नियम आहे. दोन इंजिनांच्या विमानाला रस्त्यात कुठेही एक इंजिन बंद पडलं तरी ठराविक मिनिटांत पोचता येईल असा विमानतळ आवाक्यात ठेवावा लागतो, याला ईटॉप्स म्हणतात. १९८५ मध्ये १२० मिनिटांची परवानगी मिळाली तेव्हा दोन इंजिनांची विमानं अटलांटिक सुटसुटीत ओलांडायला लागली, आज एअरबसच्या ए३५० विमानाला ३७० मिनिटांपर्यंत मंजुरी आहे. उत्तर गोलार्धात याने आता फारसं अडत नाही. दक्षिणेत सिडनी ते सँटियागो किंवा सिडनी ते जोहान्सबर्ग असल्या रूटवर अजून अडतं, कारण ग्रेट सर्कल अंटार्क्टिकाकडे झुकतो आणि तिथे खाली विमानतळ नाहीतच. तिबेटच्या पठारावरून फार विमानं जात नाहीत त्याचंही कारण साधारण याच जातीचं, केबिनमधला दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यायचं असतं आणि तिथे जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर, मास्कमधला ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटांचा, मग खास सुटकेचे रस्ते आखल्याशिवाय जाताच येत नाही. ध्रुवाकडच्या रूटवर फ्युएलचं तापमान बघत बसावं लागतं, जेट ए-१ या प्रकारचं फ्युएल उणे ४७ ला गोठायला लागतं, जेट ए हा प्रकार तर उणे ४० लाच, आणि बाहेरची हवा कधी कधी त्याच्याही खाली असते, मग थोडं खाली उतरा नाहीतर वेग वाढवा. शिवाय प्रत्येक देश आपल्या आकाशातून जायचे पैसे घेतो, त्यामुळे दोन मिनिटं वाचवणारा रूट महाग पडत असेल तर कंपनी दोन मिनिटं सोडते. प्रवाशाला हे कधीच दिसत नाही.

बरं, आता वेळ. तिकिटावरचा वेळ हा हवेत असण्याचा वेळ नाही, गेटपासून निघाल्यापासून गेटला लागेपर्यंतचा आहे, आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. त्यात विमान गेटपासून मागे ढकलणं, टॅक्सी म्हणजे विमानाचं जमिनीवरून रनवेपर्यंत चालत जाणं, रनवेच्या रांगेत उभं राहणं, उतरल्यावर पुन्हा टॅक्सी हे सगळं आलं, गर्दीच्या मोठ्या विमानतळांवर हेच दोन्हीकडचं मिळून पाऊण तास सहज होतं. आणि शेड्यूल बनवताना कंपन्या मागच्या सीझनचा डेटा बघून असा आकडा ठेवतात की बऱ्यापैकी फ्लाइट्स वेळेत दिसतील, त्यातही पंधरा मिनिटांच्या आतला उशीर 'ऑन टाइम' मध्येच धरतात. म्हणूनच पायलट 'आपण अर्धा तास आधी पोचतोय' असं सांगतो तेव्हा त्याने काही पराक्रम केलेला नसतो, तो अर्धा तास आधीच शेड्यूलमध्ये पेरून ठेवलेला असतो. उन्हाळी आणि हिवाळी शेड्यूलमध्ये एकाच रूटचा वेळ वेगळा दिसतो तोही जेट स्ट्रीममुळे, हिवाळ्यात पश्चिमेला जाणाऱ्या फ्लाइटला जास्त मिनिटं द्यावी लागतात.

लोक वेळ काढताना अंतराला ९०० ने भागतात आणि मग तिकिटाशी जुळत नाही म्हणून गोंधळतात. ९०० हा क्रूझचा, म्हणजे वर पोचल्यावर एकसारखं उडतानाचा वेग आहे. मोठी विमानं साधारण माक ०.८५ ने जातात, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्के, आणि त्या उंचीवरच्या उणे ५६ अंशांत आवाजाचा वेगच १,०६२ असतो, त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०३. (गंमत म्हणजे हवा दहा अंश गरम असेल तर त्याच माकला विमान ताशी वीसेक किमी जास्त जातं.) पण वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं, उतरायला जवळपास तेवढीच, ३६,००० फुटांवरून उतरायचं तर साधारण दोनशे किमी आधीच सुरुवात करावी लागते, आणि या वेळात वेग कमी असतो. शिवाय प्रत्यक्ष रस्ता ग्रेट सर्कलपेक्षा दोन-पाच टक्के तरी लांब असतोच.

म्हणून माझा घरगुती ठोकताळा असा आहे, किलोमीटरला ८५० ने भागा आणि वर चाळीस मिनिटं टाका, हा झाला दोन्ही दिशांचा सरासरी ब्लॉक टाइम. सिंगापूर-न्यूयॉर्क, १५,३४५ भागिले ८५० म्हणजे अठरा तास तीन मिनिटं, अधिक चाळीस, अठरा तास त्रेचाळीस. शेड्यूल बघा, त्याच्याच आसपास आहे. मग मध्य अक्षांशांत पूर्व-पश्चिम प्रवास असेल तर पूर्वेला जाताना चार-सहा टक्के कमी करा, पश्चिमेला तेवढेच वाढवा, हिवाळ्यात थोडे आणखी. प्रवास उत्तर-दक्षिण असेल किंवा विषुववृत्ताच्या जवळ असेल तर हा फरक करू नका, तिथे दोन्ही वेळा जवळपास सारख्याच येतात. दोन-तीन तासांच्या छोट्या फ्लाइटलाही हा ठोकताळा चालतो पण तिथे टॅक्सीची मिनिटंच इतकी भारी पडतात की मी तरी शेड्यूलच बघेन.

पायलटने उशीर भरून काढावा अशी अपेक्षा असते, त्याचंही गणित बघा. बारा तासांच्या फ्लाइटमध्ये माक ०.८५ ऐवजी ०.८७ ने नेलं तर वाचतात साधारण सोळा मिनिटं, आणि त्यासाठी फ्युएल चांगलंच जास्त जळतं. त्यामुळे दोन तास उशिरा निघालेलं विमान वेगाने उडून वेळेवर पोचेल ही आशा सोडा, वारा पाठीशी आला तरच काहीतरी होईल.

फ्युएलवरून आठवलं, अंतर जितकं लांब तितकं दर किलोमीटर महाग पडतं, कारण शेवटच्या तासाचं फ्युएल पहिल्या तासापासून उचलून न्यायचं असतं. जास्तीचा एक टन घेतला तर दर तासाला त्यातले साधारण तीन-चार टक्के नुसते त्याला वाहून नेण्यातच जळतात, मग अठरा तासांत काय होत असेल बघा. सिंगापूर एअरलाइन्सची न्यूयॉर्कला जाणारी ती लांब पल्ल्याची ए३५० टाकीत १,६५,००० लिटर घेऊ शकते आणि सीट फक्त १६१. जोहान्सबर्गचा विमानतळ जवळपास १,७०० मीटर उंचीवर, हवा विरळ, त्यामुळे अटलांटाला साडेतेरा हजार किमी जाणारं विमान गरम दिवशी तिथून पूर्ण वजनाने उठूच शकत नाही, मग माल उतरवा नाहीतर सीट रिकाम्या ठेवा. अटलांटाहून येताना तो त्रास नाही. म्हणजे तोच रूट, तेच विमान, आणि एका दिशेला अवघड, दुसऱ्या दिशेला सोपा.

घड्याळाचा गोंधळ तेवढा राहिला. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या लोकल असतात, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नका, दोन्ही आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाण वेळेत आणा. समजा सिंगापूरहून रात्री २३:३० ला निघून न्यूयॉर्कला दुसऱ्या दिवशी सकाळी ६:०० ला पोचायचंय. सिंगापूर यूटीसीच्या आठ तास पुढे, म्हणजे निघाले १५:३० यूटीसीला. न्यूयॉर्क उन्हाळ्यात चार तास मागे, म्हणजे पोचले १०:०० यूटीसीला. साडेअठरा तास. हिवाळ्यात न्यूयॉर्क पाच तास मागे असतं, त्यामुळे प्रवास तेवढाच असला तरी घड्याळ पाच दाखवेल. डेटलाइन, म्हणजे जिथे तारीख बदलते ती पॅसिफिकमधली रेषा, ओलांडताना तर ऑकलंडहून सोमवारी रात्री आठला निघून बारा तास उडून लॉस एंजेलिसला सोमवारीच दुपारी एकला पोचता येतं, निघायच्या सात तास आधी, आणि परतीच्या प्रवासात एक अख्खी तारीख गायब होते. हॉटेल बुक करताना तारखेचं हे बघाच, तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात अधिक एक किंवा अधिक दोन लिहिलेलं असतं ते यासाठीच.

शेवटचं, मध्ये थांबा घेतला तर अंतर किती वाढतं? अंतर बहुतेक वेळा फारच थोडं. लंडन ते सिडनी ग्रेट सर्कल साधारण १७,०२० किमी. सिंगापूरमार्गे गेलात तर १०,८८५ अधिक ६,३००, म्हणजे १७,१८५, जेमतेम एक टक्का जास्त. दुबईमार्गे साडेसतरा हजार, तीन टक्के. वाढतो तो वेळ, एकदा जास्तीचं उतरणं-चढणं-टॅक्सी यात चाळीसेक मिनिटं आणि जमिनीवर दीड ते तीन तास किंवा कनेक्शन वाईट असेल तर कितीही. क्वांटासने २०१९ मध्ये लंडनहून सिडनीला मोजकी माणसं घेऊन नॉनस्टॉप चाचणी उड्डाण केलं होतं ते १९ तास १९ मिनिटांचं झालं, एका थांब्याने तोच प्रवास बावीस-तेवीस तासांच्या खाली क्वचितच येतो. तिकीट काढताना 'नॉनस्टॉप' लिहिलंय की 'डायरेक्ट' हेही बघा, डायरेक्टमध्ये फ्लाइट नंबर एकच असतो पण विमान मध्ये कुठेतरी उतरू शकतं. आणि दोन वेगळी तिकिटं जोडून जाणार असाल तर मधला वेळ काढताना माझा ठोकताळा वापरू नका, शेड्यूलची पोचायची वेळ धरा आणि त्यापुढे बॅगा पुन्हा चेक-इन करायला निदान तीन तास ठेवा, कारण तिथे पहिली फ्लाइट उशिरा आली तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी काहीही करायला बांधील नसते.